अमेरिका-मेक्सिको सीमेवर अडकलेले आश्रयार्थी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे. या विषयात एखाद्या न्यायालयाचा आदेश आला की एका रात्रीत नियम फिरतो. म्हणून जिथे जमेल तिथे धोरण कधी सुरू झालं आणि कधी संपलं याच्या तारखा दिल्या आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारे बरेच मेसेज बंद पडलेल्या धोरणांबद्दलचे असतात, तेव्हा आधी तारीख बघा.

सीमेवर जाऊन आश्रय मागणं बेकायदा आहे का?

नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधल्या कलम २०८ नुसार, अमेरिकेच्या भूमीवर असलेला किंवा तिथे येऊन पोहोचणारा कोणीही परदेशी माणूस आश्रयासाठी अर्ज करू शकतो. तो अधिकृत नाक्यावरून आला की नदी ओलांडून आला, यावर हा हक्क अवलंबून नाही, असं कलमातच लिहिलेलं आहे. ही तरतूद १९८० च्या रेफ्युजी ॲक्टने आणली. त्यामागे १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्याचा १९६७ चा पूरक करार आहे. अमेरिकेने १९६८ मध्ये पूरक करार स्वीकारला.

मात्र नाका चुकवून सीमा ओलांडणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गुन्हा दाखल होऊ शकतो आणि आश्रय मागण्याचा हक्कही शाबूत राहतो. बातम्या वाचताना लोकांचा गोंधळ होतो तो इथेच.

छळ म्हणजे नेमकं काय? गरिबी चालते का?

चालत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व, या पाचांपैकी एका कारणावरून छळ झाला किंवा होण्याची रास्त भीती आहे, हे दाखवावं लागतं. छळ करणारं सरकार असावं, नाहीतर सरकारला आवरता न येणारं कोणीतरी असावं. बेकारी, कर्ज, दुष्काळ, भाऊबंदकीतला जमिनीचा वाद यांना सहानुभूती मिळते, आश्रय मिळत नाही. गुंडांच्या खंडणीला कंटाळून पळालेल्यांची प्रकरणंही याच निकषावर अडतात.

कायद्याने हक्क आहे, तर माणसं पलीकडे मेक्सिकोत का थांबतात?

कारण हक्क पाय कुठे आहे त्यावर ठरतो. अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल पडलं की अधिकाऱ्याला त्या माणसाचं म्हणणं ऐकण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते, आणि पाऊल पडलंच नाही तर काहीच करावं लागत नाही. २०१६ पासूनची जवळपास सगळी धोरणं, मग सरकार कोणाचंही असो, ही रांग रेषेच्या पलीकडे कशी ठेवता येईल याच हिशोबाने आखलेली आहेत. नावं बदलली, हेतू तोच राहिला.

पहिला प्रकार मीटरिंगचा. २०१६ मध्ये सॅन डिएगोजवळच्या सॅन इसिद्रो नाक्यावर हैतीचे लोक मोठ्या संख्येने आले, तेव्हा ‘आज जागा नाही, नंतर या’ असं सांगायला सुरुवात झाली. एप्रिल २०१८ मध्ये ही पद्धत सगळ्या दक्षिण सीमेवर लागू झाली. टेक्सासमधल्या पुलांवर अधिकारी पुलाच्या मधोमध, सीमारेषा जिथे जाते तिथेच उभे राहून कागद तपासू लागले. रेषेच्या मेक्सिकोच्या बाजूलाच अडवलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या अमेरिकेत ‘आलेलाच’ नसतो.

मग रांगेचा हिशोब कोण ठेवत होतं?

अमेरिकन सरकार नाही. तिहुआनामध्ये एल चापाराल चौकात एक वही होती. ती आश्रयार्थींपैकीच काही जण सांभाळायचे आणि रात्री मेक्सिकोच्या ‘ग्रुपोस बेता’ या स्थलांतरित मदत पथकाकडे ठेवायला द्यायचे. एका क्रमांकावर दहा नावं. अमेरिकेचे अधिकारी आज किती जणांना घेणार ते सकाळी कळवायचे, तेवढे क्रमांक पुकारले जायचे. पुकारल्यावर हजर नसलं की क्रमांक गेला. काही दिवशी वीस-तीस जण आत जायचे, काही दिवशी एकही नाही.

सिउदाद हुआरेझमध्ये सुरुवातीला क्रमांक लोकांच्या दंडावर शाईने लिहीत. पुढे ते काम तिथल्या राज्य सरकारच्या लोकसंख्या विभागाने घेतलं. इतर शहरांत कुठे निवारा केंद्र, कुठे नगरपालिका यादी ठेवायची. यादीत पुढचा नंबर देण्यासाठी पैसे उकळण्याचे प्रकार अनेक शहरांत झाले. ज्या यादीला कायद्याचा आधार नाही तिच्याविरुद्ध तक्रार करणार कुठे?

मीटरिंग कायदेशीर होतं का?

याचा निकाल अजून लागायचा आहे. ‘येऊन पोहोचणारा’ या शब्दांत रेषेपासून वीतभर अंतरावर अडवलेला माणूस बसतो का, हा मुद्दा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) अपील न्यायालयाने ‘बसतो’ असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकरण सुनावणीला घेतलं. मीटरिंगचा जुना आदेश नोव्हेंबर २०२१ मध्येच मागे घेतलेला आहे, तरी सरकार हा खटला लढवत आहे. हा मार्ग पुढेही हाताशी हवा, हे त्यामागचं उघड कारण दिसतं.

‘रिमेन इन मेक्सिको’ म्हणजे काय?

अधिकृत नाव मायग्रंट प्रोटेक्शन प्रोटोकॉल्स. घोषणा डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस तिहुआनाला पहिला माणूस परत पाठवला गेला. शेजारच्या देशातून जमिनीमार्गे आलेल्याला खटला चालू असेपर्यंत त्या देशात परत पाठवता येतं, अशी १९९६ पासून कायद्यात पडून असलेली तरतूद सरकारने वापरली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ६८ ते ७० हजार लोकांना असं परत पाठवलं. मुळात ही योजना स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी होती, जानेवारी २०२० मध्ये ब्राझीलचे लोक त्यात आले. भारतीय या पहिल्या फेरीत नव्हते.

सुनावणीचा दिवस असा असायचा. हातात एक कागद, त्यावर तारीख, पुलाचं नाव आणि हजेरीची वेळ. साडेआठच्या सुनावणीसाठी पहाटे साडेचारला पुलावर यायचं, तेही नुएवो लारेदो किंवा मातामोरोससारख्या शहरात, जिथे अंधारात रस्त्यावर असणं म्हणजेच अपहरणाला निमंत्रण. तिथून लारेदो आणि ब्राउन्सव्हिल इथल्या तंबूतल्या न्यायालयात नेत. न्यायाधीश दुसऱ्या शहरात, पडद्यावर दिसायचे. पुढची तारीख मिळाली की त्याच पुलावरून पुन्हा मेक्सिकोत.

त्यात नेमकं बिघडलं कुठे?

पहिली अडचण पत्त्याची. नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि तंबूत किंवा निवाऱ्यात राहणाऱ्याला तो नसतो. काहींच्या कागदांवर पत्त्याच्या रकान्यात अधिकाऱ्यांनी नुसतं ‘फेसबुक’ लिहिलेलं आढळलं. तारीख बदलली तरी माणसाला कळणार नाही, तो गैरहजर राहणार आणि हकालपट्टीचा आदेश निघणार.

दुसरी अडचण वकिलाची. इमिग्रेशन न्यायालयात सरकार वकील देत नाही, आपला आपण गाठावा लागतो. अमेरिकेतला वकील सीमा ओलांडून अशा शहरात येऊन अशिलाला भेटणार कसा? या योजनेतल्या दहा टक्क्यांहूनही कमी लोकांना वकील मिळाला. निकाल लागलेल्या प्रकरणांपैकी संरक्षण मिळालेली दोन टक्क्यांच्याही आत.

तिसरी सुरक्षिततेची. परत पाठवलेल्यांवरच्या खून, बलात्कार, अपहरण आणि मारहाणीच्या दीड हजारांहून जास्त घटना ह्यूमन राइट्स फर्स्ट या संस्थेने २०२१ च्या सुरुवातीपर्यंत नोंदवल्या होत्या. आणि ‘मला मेक्सिकोत भीती वाटते’ हे माणसाने आपणहून बोलायला हवं होतं. अधिकारी विचारत नसत. न बोलणारा थेट परत जायचा.

बायडन सरकारने जून २०२१ मध्ये योजना बंद केली. टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने ती पुन्हा सुरू करायला लावली, म्हणून डिसेंबर २०२१ पासून दुसरी फेरी झाली. या फेरीत भीतीबद्दल विचारणं अधिकाऱ्यावर बंधनकारक होतं. ३० जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारला योजना बंद करायची मुभा दिली आणि ऑगस्टमध्ये ती थांबली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ती पुन्हा जाहीर केली.

टायटल ४२ चा यात काय संबंध?

तो इमिग्रेशनचा कायदाच नव्हता, सार्वजनिक आरोग्याचा होता. कोविडचं कारण देऊन मार्च २०२० पासून ११ मे २०२३ पर्यंत माणसाला म्हणणं न ऐकता लगेच बाहेर काढता येत होतं. सुमारे २८ लाख वेळा हे झालं. ‘वेळा’ म्हणण्याचं कारण असं की या हकालपट्टीची कायदेशीर नोंद किंवा शिक्षा नव्हती, त्यामुळे तोच माणूस आठवड्यात पुन्हा प्रयत्न करायचा आणि आकड्यात पुन्हा मोजला जायचा. त्या काळातले सीमेचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

सीबीपी वन ॲप कसं चालायचं?

जानेवारी २०२३ ते २० जानेवारी २०२५ या काळात सीबीपीचं, म्हणजे अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याचं, हे ॲप नाक्यावर वेळ घेण्याचा मुख्य अधिकृत मार्ग होतं. मेक्सिकोच्या मध्य किंवा उत्तर भागात असलेल्यालाच अर्ज भरता यायचा, फोनचं लोकेशन तपासलं जायचं. ऑगस्ट २०२४ पासून दक्षिणेतल्या ताबास्को आणि चियापास राज्यांतूनही अर्ज करता येऊ लागला. आठ नाके होते : ब्राउन्सव्हिल, हिदाल्गो, लारेदो, ईगल पास, एल पासो, नोगालेस, कॅलेक्सिको आणि सॅन इसिद्रो. जून २०२३ च्या अखेरीपासून रोज १,४५० जागा, सगळ्या नाक्यांवर मिळून.

सुरुवातीला जागा रोज ठरावीक वेळी उघडायच्या आणि काही मिनिटांत संपायच्या, अगदी तत्काळ तिकिटासारख्या. ज्याचं नेट वेगवान त्याचं काम व्हायचं. मे २०२३ मध्ये पद्धत बदलली : दिवसभर विनंती नोंदवायची, काही जागा सोडतीने आणि काही जास्त दिवस थांबलेल्यांना. निवड झाली की २३ तासांत पुष्टी करायची, नाहीतर जागा गेली. निवाऱ्यात चार्जिंगसाठी एकच बोर्ड असेल तर ते २३ तास कसे जात असतील, बघा.

चेहऱ्याचा फोटो घेताना काळ्या वर्णाच्या लोकांना ॲप वारंवार नाकारायचं. लोक दिव्याखाली, टॉर्च मारून फोटो काढायचे. पाच जणांच्या कुटुंबाला पाच जागा लागायच्या, त्या एकत्र न मिळाल्याने कुटुंबं फुटली. हिंदी, पंजाबी, गुजराती भाषांची सोय नव्हती. प्रतीक्षा महिन्यांवर गेली. याच काळात, मार्च २०२३ मध्ये, सिउदाद हुआरेझमधल्या मेक्सिकन इमिग्रेशनच्या कोठडीला आग लागून ४० माणसं मेली.

तरीही दोन वर्षांत नऊ लाखांहून अधिक लोक या मार्गाने आले. त्यांना बहुधा दोन वर्षांपर्यंतचा पॅरोल, म्हणजे देशात तात्पुरतं राहण्याची परवानगी, आणि न्यायालयाची नोटीस मिळायची. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने त्यांचे पॅरोल रद्द करण्याच्या नोटिसा पाठवल्या.

ॲप आता चालतं का?

नाही. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांच्या शपथविधीच्या वेळी ते बंद झालं. सुमारे ३० हजार जणांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या. त्या दिवशी दुपारची वेळ मिळालेले लोक बॅगा घेऊन नाक्यापाशी उभे असतानाच फोनवर संदेश आला. मार्च २०२५ मध्ये त्याच ॲपचं ‘सीबीपी होम’ केलं गेलं, आणि आता ते स्वतःहून देश सोडून जाण्याची नोंद करण्यासाठी आहे. ‘सीबीपी वनची वेळ मिळवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर तो सरळ फसवतोय.

आज सीमेवर आश्रय मागितला तर काय होतं?

व्यवहारात दार बंद आहे. याची सुरुवात जून २०२४ मध्येच झाली होती. नाक्याबाहेरून येणाऱ्यांची रोजची सरासरी सलग सात दिवस २,५०० च्या वर असेल तर आश्रय थांबवायचा, असा बायडन सरकारचा आदेश होता, आणि भीती आहे का हे विचारणं तेव्हापासूनच बंद झालं. ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या घोषणेने दक्षिण सीमेवरून येणाऱ्यांचा आश्रय मागण्याचाच मार्ग रोखला. २ जुलै २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने ती घोषणा कायद्याबाहेरची ठरवली. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने त्या निकालाला अंशतः स्थगिती दिली.

सीमेवरचे आकडे मात्र प्रचंड घसरले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण सीमेवर गस्ती पथकाने एका महिन्यात जवळपास अडीच लाख लोक पकडले होते. जून २०२५ मध्ये ते सुमारे सहा हजार होते.

क्रेडिबल फिअर मुलाखत म्हणजे काय?

१९९६ च्या कायद्याने न्यायाधीशासमोर न नेता झटपट हकालपट्टी करायची सोय झाली. तिच्यातला हा एकमेव सुरक्षा दरवाजा. बोटांचे ठसे, फोटो झाल्यावर ज्याने भीती व्यक्त केली त्याची आश्रय अधिकाऱ्याकडून मुलाखत होते, बहुतेक वेळा फोनवर, दुभाष्यामार्फत. आश्रय सिद्ध होण्याची ‘लक्षणीय शक्यता’ आहे का, एवढंच त्यात बघतात. नकार आला तर इमिग्रेशन न्यायाधीशाकडून फेरतपासणी मागता येते, ती सात दिवसांच्या आत व्हायला हवी. वकिलाशी बोलायला पूर्वी २४ तास मिळत, जून २०२४ मध्ये ते चारवर आले.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुभाष्यामुळे. हिंदी येते म्हणून हिंदीला हो म्हणायचं आणि मग गावाकडच्या बोलीतली नाती, तारखा, शिव्या-धमक्या नीट सांगता यायच्या नाहीत. मुलाखतीत एक तारीख आणि पुढे न्यायालयात दुसरी, एवढ्यावर ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा बसतो. आपली भाषा मागून घ्या, त्यासाठी वेळ लागला तरी चालेल.

भारतीय लोक यात किती आहेत? मराठी माणसं आहेत का?

२०२३ च्या अमेरिकन आर्थिक वर्षात सुमारे ९७ हजार आणि २०२४ मध्ये सुमारे ९० हजार वेळा भारतीय नागरिक अमेरिकेच्या सीमांवर अडवले गेले. २०२४ मध्ये त्यातले जवळपास निम्मे कॅनडाच्या बाजूने आलेले. बहुसंख्य पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे. महाराष्ट्रातले फार थोडे, पण आहेत : ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला परत आणलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते. एजंटला चाळीस-पन्नास लाख दिलेले असतात, ते परत मिळत नाहीत.

भारतीयांच्या प्रकरणांत एक प्रश्न हमखास येतो : दुसऱ्या राज्यात जाऊन का राहिला नाहीत? एवढ्या मोठ्या देशात सुरक्षित जागा नाही हे पटवून द्यावं लागतं. स्थानिक पुढाऱ्याच्या धमकीवर उभी असलेली प्रकरणं इथे कोसळतात. शिवाय एजंटने शिकवलेली एकच गोष्ट दहा जणांनी सांगितली की ते अधिकाऱ्यांच्या लक्षात येतं.

सीमेवरून भारताऐवजी तिसऱ्याच देशात पाठवतात का?

हो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पनामाला २९९ आणि कोस्टारिकाला सुमारे २०० जण पाठवले गेले. दोन्हींत भारतीय होते. पनामात त्यांना राजधानीतल्या हॉटेलात पहाऱ्यात ठेवलं आणि मायदेशी जायला नकार देणाऱ्यांना दारिएनच्या जंगलाजवळच्या छावणीत हलवलं.

मेक्सिकोतच आश्रय मागता येतो का?

येतो. कोमार ही तिथली निर्वासितांचे अर्ज बघणारी सरकारी संस्था. देशात आल्यापासून ३० कामकाजी दिवसांत अर्ज, ४५ कामकाजी दिवसांत निर्णय, असा नियम आहे. प्रत्यक्षात महिने जातात. २०२३ मध्ये सुमारे १ लाख ४१ हजार अर्ज आले. अर्ज जिथे केला ते राज्य सोडता येत नाही, आणि बहुतेकांचा अर्ज दक्षिणेतल्या तापाचुला शहरात, जिथे काम नाही.

मी आधीच व्हिसावर अमेरिकेत आहे. हे नियम मला लागू आहेत का?

सीमेचे नियम नाहीत. पण अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत आय-५८९, म्हणजे आश्रयाचा अर्ज, द्यावा लागतो. अपवाद आहेत, उदाहरणार्थ तुमचा अमेरिकेतला मुक्काम कायदेशीर असेपर्यंतचा काळ. जुलै २०२५ मध्ये अर्जाला १०० डॉलर आणि अर्ज प्रलंबित असेल तर दरवर्षी १०० डॉलर शुल्क लागू झालं. काम करण्याच्या परवान्यासाठी १५० दिवसांनंतर अर्ज करता येतो, १८० दिवसांआधी मिळत नाही, आणि पहिल्या परवान्याचं शुल्क २०२५ मध्ये ५५० डॉलर होतं. आश्रय कार्यालयातल्या मुलाखतीला दुभाषी तुम्हीच आणायचा, न्यायालयात मात्र सरकार फुकट देतं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आश्रय कार्यालयांनी सगळे निर्णय थांबवले. न्यायालयं वेगळ्या खात्याची आहेत, तिथली प्रकरणं चालू राहिली.

कॅनडाकडे वळलं तर?

दोन्हींपैकी आधी ज्या देशात पोहोचलात तिथेच आश्रय मागा, असा अमेरिका-कॅनडा करार आहे आणि २५ मार्च २०२३ पासून तो पूर्ण सीमेवर लागू आहे. नाका चुकवून आल्यापासून १४ दिवसांत आश्रय मागितला तर, काही अपवाद सोडता, परत पाठवतात. उलट दिशेने पायी जाणाऱ्यांसाठी थंडी हाच मोठा धोका : जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबातल्या एमर्सनजवळ गुजरातमधलं चार जणांचं कुटुंब गोठून मेलं.

सुटका होते की खटला संपेपर्यंत कोठडीच?

पूर्वी बरेच जण सुटत. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवलं की नाका चुकवून आलेल्यांना न्यायाधीश जामीन देऊच शकत नाहीत, मग ते कितीही वर्षांपूर्वी आलेले असोत. अनेक जिल्हा न्यायालयांनी याच्या उलट निकाल दिले आहेत. त्यामुळे आज सुटका होईल की नाही हे कोणत्या राज्यातल्या कोठडीत आहात यावरही ठरतं. नातेवाइकांनी पहिलं काम करायचं ते माणूस कुठल्या केंद्रात आहे हे शोधण्याचं, कारण केंद्र बदललं की न्यायालयही बदलतं.

खटला चालू आहे. घर बदललं तर काय करायचं?

पाच कामकाजी दिवसांत पत्ता बदलल्याचा इओआयआर-३३ फॉर्म न्यायालयात द्या, एक प्रत सरकारी वकिलाला. दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याचा पत्ताबदलाचा फॉर्म, एआर-११, वेगळा भरा. एक भरला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. कागदांवर ‘ए’ने सुरू होणारा नऊ अंकी क्रमांक असतो. तो पाठ करा आणि घरच्यांनाही देऊन ठेवा. त्यावरून पुढची तारीख न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर दर आठवड्याला तपासा. इमिग्रेशन न्यायालयांत ३० लाखांहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत, तारखा पुढे जातात तशाच अचानक अलीकडेही येतात, आणि पोस्टाने न आलेली नोटीस ही गैरहजेरीची सबब म्हणून सहजासहजी मान्य होत नाही.